भर समुद्रातला मुलामा

चिमटी हे नाव तिला तिच्या जावेने ठेवलं. दोघी मिळून घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवायच्या तेव्हाची गोष्ट. जाऊ केस कापायची, केस रंगवायची आणि गिऱ्हाइकांशी अखंड बोलायची. हिच्या हातात मात्र सदानकदा भुवया कोरायचा चिमटा. गिऱ्हाईक ‘आई गं’ म्हणायच्या आत केस बाहेर. हात असा स्थिर की खिडकीबाहेर ट्रक धडधडत गेला, आरसा हलला, तरी चिमट्याचं टोक जागचं हलत नसे. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, हातात चिमटा. मग नाव दुसरं काय पडणार?

दहा वर्षं हे असं चाललं. मग एका दुपारी एक बाई भुवया करून घ्यायला आल्या. सोबत त्यांचे यजमान. पार्लरच्या दाराशी स्टुलावर बसलेला नवरा म्हणजे सहसा वैतागाचा पुतळा असतो. घड्याळ बघतो, जांभया देतो, छताचे कोपरे मोजतो. हे गृहस्थ मात्र टक लावून चिमटीच्या हाताकडे बघत होते. जावेच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने घसा खाकरला.

“काका, काही पाहिजे का?”

“हो,” गृहस्थ शांतपणे म्हणाले, “या बाईंचा हात पाहिजे.”

त्यांची बायको आरशातूनच म्हणाली, “लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि आता सुचलं का हे? तेही माझ्यासमोर?”

हसू ओसरल्यावर खुलासा झाला. गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणत. बंदराजवळ एक वर्कशॉप होतं. जहाजांचे, तेलविहिरी खोदणाऱ्या रिगचे झिजलेले, गंजाने खाल्लेले भाग तिथे दुरुस्तीला येत. झिजलेल्या जागी धातूचा नवा थर चढवायचा, म्हणजे मुलामा द्यायचा, हे उस्तादांचं काम. मोठी कामं मशीन करायची. पण जिथे मोहरीएवढा खड्डा भरायचा, तिथे हातच लागायचा. आणि उस्तादांच्या हाताला त्या वर्षी कंप सुटला होता. “काल मी एक खड्डा भरायला गेलो आणि शेजारी तीन नवे पाडले,” ते म्हणाले. “मला हात हवाय, बाकीचं मी शिकवीन.”

चिमटीने जावेकडे पाहिलं. जाऊ तोंडाने फटकळ, पण मनाने मोकळी. ती म्हणाली, “जा बाई, जा. या गल्लीत आपल्या दोघींना पुरतील एवढ्या भुवया उरल्या नाहीत.”

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “आजवर माणसांना मेकअप केलास. आता लोखंडाला? लोखंड काय लग्नाला जाणार आहे?”

नवरा शहर-बसचा ड्रायव्हर. त्याला लोखंडाबद्दल आदर होता. तो म्हणाला, “आई, लोखंडाला गंज लागला की बस बंद पडते. जाऊ दे तिला.”

अशी चिमटी वयाच्या चौतिसाव्या वर्षी वर्कशॉपमध्ये शिरली. पत्र्याचं उंच छप्पर, आत लेथ मशीनची घरघर, भिंतीला लागून आम्लाच्या टाक्या, नाकाला झोंबणारा वास, आणि मागच्या खिडकीतून दिसणारी क्रेनची मान. पहिल्या दिवशी उस्तादांनी तिला जे दाखवलं ते पाहून तिला हसूच आलं. कार्बनचा एक ठोकळा. त्याला कापूस गुंडाळलेला, वरून कापडी जाळी. ठोकळ्याला मशीनची एक तार, लोखंडाला दुसरी. कापूस निकेलच्या हिरव्या द्रावणात बुडवायचा आणि लोखंडावर एका लयीत फिरवत राहायचं. वीज खेळू लागली की द्रावणातला धातू थरावर थर बसत जातो.

“का हसलात?” उस्तादांनी विचारलं.

“दहा वर्षं कापूस बुडवून लोकांच्या तोंडावरून फिरवला,” ती म्हणाली. “मला वाटलं काहीतरी अवघड असेल.”

“अवघड पुढे आहे. मुलामा कोणीही चढवेल. तो धरून बसला पाहिजे.”

आणि मग पहिले सहा महिने उस्तादांनी तिला मुलामा चढवूच दिला नाही. फक्त साफसफाई. खड्ड्यातला गंज बारीक खरडून काढायचा, कडा उताराच्या करायच्या, तेलाचा अंश घालवायचा, धुवायचं. आणि शेवटी पाण्याची परीक्षा. स्वच्छ लोखंडावर पाणी ओतलं की ते पातळ पडद्यासारखं एकसंध पसरतं. कुठे कणभर जरी तेलकटपणा राहिला असेल तर तिथे पडदा फाटतो, पाण्याचे थेंब होतात. उस्ताद त्याला ‘पाणी तुटलं’ म्हणायचे. पाणी तुटलं की सगळं पहिल्यापासून.

“बाई, मी चुकेन, तुम्ही चुकाल, मालक तर रोजच चुकतात,” ते सांगत. “पाण्याला विचारायचं आणि ते म्हणेल ते ऐकायचं.”

चिमटी ऐकत गेली. एक वर्ष गेलं, तीन गेली, बघता बघता बारा वर्षं झाली. उस्ताद तिला ‘अहो बाई’वरून ‘अगं पोरी’वर आले. अवघड तेवढं काम तिच्या टेबलावर यायला लागलं. समुद्र मात्र तिने मागच्या खिडकीतून दिसेल तेवढाच पाहिला होता, आणि तिला तेवढा पुरत होता.

मग एका सोमवारी मालक घामाघूम होऊन आले. दूर समुद्रात एक तरंगता रिग उभा होता. अशा रिगवरून एक लांबलचक नळी थेट समुद्राच्या तळापर्यंत गेलेली असते. लाटेबरोबर रिग वर-खाली होतो, पण नळीवर ताण कायम सारखा राहिला पाहिजे. त्यासाठी तिला वरून सहा मोठाले पिस्टन ओढून धरतात. प्रत्येकाचा दांडा माणसाच्या मांडीएवढा जाड, आरशासारखा गुळगुळीत, दिवसरात्र आत-बाहेर करणारा. त्यातल्या दोन दांड्यांचा मुलामा खाऱ्या हवेने खाल्ला होता. देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि त्यांच्या खरखरीत कडांनी रबरी सील फाटून तेल गळत होतं. काम बंद पडलं होतं.

“दांडे इकडे पाठवायला सांगा,” चिमटी म्हणाली.

“ते काढून आणायचे तर महिना जाईल. तिथेच जाऊन करावं लागेल.”

“मग उस्तादांना—”

“माझा गुडघा नवा बसवलाय,” उस्ताद कोपऱ्यातून म्हणाले. “डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून सांगितलंय. हेलिकॉप्टरबद्दल काही बोलले नाहीत, पण मी विचारलंही नाही.”

सगळे चिमटीकडे बघायला लागले. वय शेहेचाळीस, आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. पण ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “खड्डे किती आहेत?”

घोडं अडलं ते दुसरीकडेच. रिगवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी एक प्रशिक्षण पार करावं लागतं. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं निघायचं, हे शिकवतात. आणि शिकवतात म्हणजे फळ्यावर नाही. हेलिकॉप्टरसारखी एक खोली, त्यात माणसाला पट्ट्याने बांधायचं, ती खोली तलावात बुडवायची आणि पाण्याखाली उलटी करायची.

हे ऐकून सासूबाईंनी जेवण अर्ध्यावर सोडलं. नवऱ्याने मात्र मनावर घेतलं. “सराव पाहिजे,” तो म्हणाला. “मी बस शिकलो तेव्हा पहिल्या दिवशी बागेची भिंत पाडली होती. सरावाने सगळं जमतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात सराव सुरू झाला. मोठी बादली काठोकाठ भरलेली. चिमटी गुडघे टेकून बसायची, डोळे मिटायची आणि तोंड पाण्यात घालायची. नवरा एका हाताने तिची मान धरून, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत मोठ्याने आकडे म्हणायचा. “सात... आठ... अजून थोडं... नऊ...” तेवढ्यात टॉवेल घ्यायला सासूबाई दारात आल्या. समोर त्यांचा मुलगा सुनेचं डोकं बादलीत दाबून आकडे मोजतोय.

“अरे मेल्या!” त्या किंचाळल्या आणि त्यांनी हातातला टॉवेल लेकाच्या पाठीवर सपासप ओढला. “एवढी गुणाची सून, आणि बुडवतोस तिला?”

चिमटीने हसण्यासाठी तोंड उघडलं ते पाण्यातच, आणि मग खरंच बुडायची वेळ आली. सासूबाईंना सगळं समजावून सांगायला पाऊण तास लागला. त्यानंतर मात्र त्या स्वतः स्टूल टाकून दारात बसायला लागल्या. लेक लवकर सोडतो असा त्यांना संशय होता. आठवड्याने चिमटी बत्तीस आकड्यांपर्यंत पोहोचली.

प्रशिक्षक धिप्पाड होता, डोक्याला टक्कल, आवाज ढगातून आल्यासारखा. त्याने यादी बघत विचारलं, “पोहता येतं?”

“नाही. बुडता येतं.”

“छान. इथे तेवढंच लागतं.”

पहिल्या दिवशी फजिती झाली. खोली पाण्यात गेली, गार पाणी छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, डोक्यावर आलं, आणि खोली उलटायला लागताच चिमटीने घाबरून पट्टा सोडला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. ती बुचासारखी छताला, म्हणजे जमिनीला, चिकटून बसली. पाण्याखाली थांबलेल्या पाणबुड्याने तिला धरून बाहेर काढलं. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल. बाजूला तिच्या निम्म्या वयाचे दोघं जण उताणे पडून खोकत होते, एवढाच दिलासा.

“उद्या परत,” प्रशिक्षक म्हणाला. “आणि एक लक्षात ठेवा. खिडकीच्या चौकटीवरचा हात हलवायचा नाही. जग उलटं झालं तरी तो हात तुम्हाला सांगेल वाट कुठे आहे ते.”

चिमटी रात्रभर नीट झोपली, कारण हे वाक्य तिला पटलं होतं. हात हलवायचा नाही? अहो, तेच तर तिचं आयुष्यभराचं काम. दुसऱ्या दिवशी खोली बुडाली. तिने डावा हात चौकटीवर ठेवला तो ठेवला. पाणी डोक्यावर आलं, खोली उलटली, कोणाची तरी लाथ तिच्या खांद्याला लागली. हात जागेवर. सगळं हलायचं थांबलं तेव्हा तिने कोपराने खिडकीची काच ढकलली, उजव्या हाताने पट्टा सोडला आणि डाव्या हाताच्या मागोमाग सरळ बाहेर आली. पाण्यावर डोकं काढलं तर काठावरचे सगळे खदखदा हसत होते.

“बाई, पास झालात,” प्रशिक्षक ओरडला. “आता ती खिडकी सोडा!”

काचेसकट निघून आलेली चौकट तिने डाव्या हातात अजून घट्ट पकडली होती.

रिगवर ती उतरली तेव्हा वाऱ्याने कान भरून गेले. अंगातला केशरी पोशाख तिच्या मापापेक्षा तीन नंबर मोठा, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. समोर रिगचे मोठे साहेब उभे. उंच, मान आखडलेली, त्यामुळे मानेला कायम बाम चोळलेला आणि बोलणं घाईचं.

“उस्ताद कुठायत?”

“गुडघ्यापाशी अडकलेत. मी आलेय.”

साहेबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. “आठवडाभर हवा चांगली आहे. त्यानंतर लाटा वाढतील. तुम्हाला चार दिवस देतो.”

“खड्डे बघू द्या आधी.”

काम होतं खोदकामाच्या मजल्याच्या खाली, लोखंडी जाळीच्या पाळणावजा फलाटावर. कमरेला सुरक्षा पट्टा, पायाखाली जाळी आणि जाळीखाली, खूप खाली, हिरवागार समुद्र श्वास घेतल्यासारखा वर-खाली होणारा. चिमटीने एकदा खाली पाहिलं. मग ठरवून टाकलं की आपलं जग समोरच्या वीतभर लोखंडाएवढं. थांबवून ठेवलेल्या त्या दोन दांड्यांवर मिळून तेवीस खड्डे निघाले. तिने प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला आणि कामाला लागली.

रिगवर दोनच बायका, एक ही आणि दुसरी तिथली नर्स, जिच्या केबिनमध्ये हिची झोपायची सोय होती. पार्लरची गोष्ट नर्सला सांगितल्यावर ती दुपारपर्यंत सगळ्या रिगभर झाली. जेवणाच्या हॉलमध्ये एक वेल्डर गालावरून हात फिरवत म्हणाला, “पार्लरवाल्या ताई, या चेहऱ्याचं पण बघा काहीतरी.”

चिमटीने सुपाचा चमचा खाली ठेवून त्याचा चेहरा नीट न्याहाळला. “याला ग्राइंडर लागेल,” ती म्हणाली. त्या दिवसापासून तिला जेवायला बसण्यासाठी जागा शोधावी लागली नाही.

पहिला दिवस खरडण्यात आणि धुण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यात मोठा खड्डा आणि त्याच्या भोवतालची तळहाताएवढी जागा तयार केली. पाणी ओतलं. पडदा छान पसरला, कुठे तुटला नाही. कापूस द्रावणात बुडवणार तोच भोंगा वाजला. धोक्याचा सराव. अशा वेळी हातातलं असेल ते टाकून प्रत्येकाने आपापल्या बचाव-नौकेपाशी जाऊन उभं राहायचं, हा नियम. तिने दांड्यावर प्लास्टिक गुंडाळलं आणि गेली. नावांची मोजणी, शिट्टी, पुन्हा मोजणी, यात अर्धा तास गेला. परत आली तेव्हा चार दिवसांतला दुसरा दिवस निम्मा सरला होता. तिने घाईने प्लास्टिक काढलं, जागा ओली केली आणि थेट मुलामा चढवायला सुरुवात केली.

संध्याकाळी काम सुंदर दिसत होतं. घासून, चमकवून सपाट केलेलं, बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये असं. साहेब खाली आले. त्यांच्यासमोर तिने चिकटपट्टी घट्ट दाबून लावली आणि सपकन ओढली. नीट बसलेला मुलामा यात जागचा हलत नाही.

पट्टीबरोबर मुलाम्याची एक चकती सुटून आली. नखाएवढी.

फलाटावर उभ्या असलेल्या वेल्डरने दुसरीकडे बघितलं. साहेबांनी आखडलेली मान चोळली. “मी म्हटलंच होतं,” ते म्हणाले. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं.

चिमटीचे कान तापले. रडू यायला लागलं की ती कामाला लागते, ही तिची जुनी सवय. तिने ती चकती चिमट्याने अलगद उचलली, उलटी केली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

“साहेब, हे बघा.”

चकतीच्या खालच्या अंगाला बारीक बारीक रेषा होत्या. वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. अंगठ्याचा ठसा. कोणाचं तरी तेलकट बोट तयार जागेला लागलं होतं आणि तिथेच मुलाम्याने पकड घेतली नव्हती.

“तुमचाच असेल,” साहेब म्हणाले.

“माझा अंगठा याच्या निम्मा आहे. आणि मी हातमोजे घालते. बघा, ठशाच्या मधून एक आडवी रेघ गेलीय. कधीतरी कापलं असेल.”

साहेबांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी आपला उजवा हात हळूच पँटच्या खिशात घातला आणि जिना चढून वर गेले.

केबिनमध्ये चिमटी उशीला टेकून बसली. राग कोणावर काढावा ते कळेना, कारण खरी गोष्ट तिला आतून ठाऊक होती. ती नर्सला म्हणाली, “ज्याने हात लावला त्याने लावला. पण परत आल्यावर मी पाण्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथल्या तिथे पाणी तुटलं असतं. बारा वर्षांत पहिल्यांदा वगळलं.”

“घाई झाली म्हणून?”

“मला सिद्ध करून दाखवायचं होतं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल नाश्त्याला भरला होता. साहेब आत आले. सहसा ते बसून पटापट खातात आणि जातात. आज ते उभेच राहिले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला हात कुठे ठेवावा ते कळेना असं झालं.

“काल एक मुलामा सुटला,” ते म्हणाले. “तो बाईंमुळे सुटला नाही. सरावाच्या वेळी मी तपासणीला खाली गेलो होतो. प्लास्टिक दिसलं. म्हटलं, बघू तरी काय चाललंय.” त्यांनी अंगठा वर केला. मधोमध जुन्या जखमेची आडवी रेघ. “बाम लावलेला होता. हात लावून बघितलं.”

मागून वेल्डर म्हणाला, “साहेब, ‘रंग ओला आहे’ असं लिहिलेलं असलं की लोक बोट लावूनच बघतात. तुम्ही तर न लिहिता लावलंत!”

हॉल फुटला. साहेबसुद्धा हसले, मान आखडलेली असल्याने सगळं अंग हलवून हसले. चिमटी उठली. तिचा बारीक आवाज ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“चूक माझीपण आहे,” ती म्हणाली. “परत आल्यावर मी एक तपासणी करायला पाहिजे होती, ती केली नाही. आता प्रत्येक खड्ड्याला दोन वेळा करीन. पण मला सगळे मिळून सहा दिवस लागतील, चार नाहीत. आणि मी सांगेपर्यंत दांड्याला कोणी हात लावायचा नाही.”

“पाच?” साहेब म्हणाले.

“सहा.”

साहेबांनी हवामानाचा कागद काढून पाहिला. “सहा,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून फलाटाच्या जिन्याशी एक साखळी लागली आणि साखळीला पुठ्ठ्याची पाटी: ‘साहेबांसह कोणीही हात लावू नये’. पाटी वेल्डरने लिहिली होती, पण खाली सही साहेबांची होती. चिमटी सकाळी उजाडताना खाली जायची आणि उजेड मावळताना वर यायची. खरडायचं, धुवायचं, पाणी ओतायचं, बघायचं, पुन्हा पाणी ओतायचं, आणि मगच कापूस. साहेब दिवसातून दोनदा यायचे आणि हात पाठीमागे बांधून साखळीपलीकडून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, “ते पाणी ओतून तुम्ही काय बघता?” चिमटीने दाखवलं. स्वच्छ पत्र्याच्या एका तुकड्यावर त्यांनाच अंगठा टेकायला लावला आणि वर पाणी ओतलं. सगळीकडे पडदा, आणि मधोमध अंगठ्याच्या आकाराचं कोरडं बेट. साहेब लहान पोरासारखे तीनदा तेच करत बसले.

सहाव्या दिवशी नवे सील बसवून दोन्ही पिस्टनांवर पूर्ण ताण दिला. समुद्र आता जरा उसळायला लागला होता. दांडे आत-बाहेर, आत-बाहेर. चिमटीने दोन्हींच्या सीलखाली पांढरं फडकं बांधलं आणि समोर पालथ्या बादलीवर बसली. कोणी चहा आणून दिला. कोणी उगाचच येऊन उभं राहिलं. दोन तासांनी तिने फडकी सोडली आणि साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली, उजेडात धरली. कोरडी. पांढरीशुभ्र.

“आता हात लावू का?” त्यांनी विचारलं.

“लावा की.”

साहेबांनी अंगठा आपल्या शर्टाला दोनदा पुसला आणि दांड्यावरून हलकेच फिरवला. तेवीसपैकी एकही खड्डा त्यांना सापडला नाही.

घरी आल्यावर चिमटीला वाटलं, आता सगळे समुद्राबद्दल विचारतील. सासूबाईंनी विचारलं, तिथे अंथरूण कसं होतं आणि पोटभर खायला घालत होते का. नवऱ्याने हेलिकॉप्टरला किती गिअर असतात ते विचारलं. जाऊ तिचे केस हातात धरून हळहळली, “खाऱ्या वाऱ्याने पार झाडू झालाय. बस इथे.” आणि तिला खुर्चीत बसवून, तेल चोळत, तिने सगळी हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वदवून घेतली.

सोमवारी वर्कशॉपमध्ये तिने खिशातून काडेपेटी काढून उस्तादांच्या पुढ्यात ठेवली. आत ती सुटलेली चकती. उस्तादांनी चष्मा चढवून ठसा पाहिला, आणि काय झालं ते तिने काही न लपवता सांगितलं. पाण्याला विचारलं नाही, हेही.

उस्तादांनी दाराकडे पाहून मालक जवळपास नाहीत याची खात्री केली.

“माझाही एक सुटला होता,” ते हळू आवाजात म्हणाले. “अठ्ठावीस वर्षांपूर्वी. जहाजाचा दांडा होता. आजवर कोणाला सांगितलं नाही.”

“का सुटला?”

“मधेच कान खाजवला होता मी. त्याच बोटाने.”

दोघं इतके हसले की लेथवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला. त्याला काही सांगितलं नाही. मग उस्तादांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली, नवा गुडघा सरळ केला, आणि चिमटीने सकाळीच आलेला एका पंपाचा गंजाने खाल्लेला दांडा उजेडाकडे वळवून खडू हातात घेतला.